सुत्रीच्या अलीकडे

रोमला पायी यात्रा करून आल्याचं प्रशस्तिपत्र हवं असेल तर रोमआधीचे निदान 100 किलोमीटर चालावे लागतात. म्हणून आमच्या वसईकर मंडळींनी माँटेफियास्कोनेपासून सुरुवात केली. ही वाट व्हिया फ्रान्सिजेना, रोमला जाणारी जुनी यात्रेची वाट. इ.स. 990 मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून घरी जाताना वाटेतल्या 79 मुक्कामांची नोंद झाली, तिच्यावरून आजचा मार्ग बांधलाय. नोंदीत नुसती नावं. पाय कुठे सुजले, कोणाशी वाजलं, काही नाही. आर्चबिशपच तो.

आमच्यात वाजलं पहिल्याच सकाळी. अंधारातच मावशींनी जपमाळ काढली आणि प्रत्येक ‘प्रणाम मरिये’ प्रार्थना अर्धी बायकांनी, अर्धी पुरुषांनी म्हणायची असं जाहीर केलं. मला चालताना गप्प राहायचं असतं. मावशींना गप्प बसलेलं माणूस आजारी वाटतं.

गावाबाहेर जुन्या कासिया रस्त्याचा तुकडा आहे. काळ्या बसाल्टचे मोठमोठे ओबडधोबड दगड एकमेकांत बसवलेले. रोमनांनी असे रस्ते फौजा हलवायला केले. त्याच रस्त्यांवरून पुढे प्रेषित पौलासारखे लोक आणि त्यांची पत्रं फिरली. रोमकरांना त्याने लिहिलं तेही ग्रीकमध्ये, आणि ते पत्र ग्रीसमधल्या केंख्रियाच्या फीबीबाईंनी पोचवलं असं मानतात. दगड दिसायला देखणे, तळव्यांना मात्र वैरी.

मावशींची जपमाळ चालू होती. मनातल्या मनात चरफडताना मला रोमन लेखक धाकटा प्लिनी आठवला. इ.स. 112 च्या सुमारास तो बिथिनियाचा, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या प्रांताचा कारभारी होता. या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय, असं त्याने सम्राट ट्राजनला विचारलंय. ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात. एवढाच गुन्हा. खरं काय ते काढायला त्याने दोन दासींचे हाल केले. त्यांना लोक सेविका म्हणत, म्हणजे मंडळीतल्या पदाधिकारीच. सापडलं काय, तर म्हणे अतिरेकी अंधश्रद्धा. सम्राटाचं उत्तर: शोधत फिरू नका, पकडून आणले आणि कबूल झाले तर शिक्षा द्या.

विटेर्बो झालं. व्हेट्राला झालं.

व्हेट्राल्याहून सुत्रीच्या वाटेवर हेझलनटच्या बागा संपता संपत नाहीत. सप्टेंबर, म्हणजे ऐन तोडणी. खरं तर तोडत नाहीत, पडू देतात आणि यंत्राने झाडून गोळा करतात, त्यामुळे झाडाखालची जमीन सारवल्यासारखी साफ आणि हवेत नुसता धुरळा. दुपारी माझ्या डाव्या टाचेचा फोड इतका भरला की बुटात पाणी गेल्यासारखं वाटू लागलं. मंडळी पुढे निघून गेली. ‘हळूहळू ये’ म्हणणारे लोक मला त्या क्षणी अजिबात आवडले नाहीत. मावशी तेवढ्या थांबल्या. जपमाळ दुःखाच्या रहस्यांवर, म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांवर, आली होती, ते बरोबरच होतं.

बागेतून ट्रॅक्टरवर एक म्हातारा आला. माझा पाय बघितला, काही बोलला नाही, शेडमधून उलटा क्रेट आणून मला त्यावर बसवलं. मग प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात मूठभर मीठ. पाय बुडवल्यावर डोळ्यांत पाणी आलं. तो बाजूला उभा राहून सिगारेट ओढत होता. सिगारेट संपल्यावर लायटरवर सुई तापवली, पांढरा दोरा ओवला, फोडाच्या या बाजूने घालून त्या बाजूने काढला आणि दोन्ही टोकं लोंबती ठेवून कापली, म्हणजे पाणी आपोआप झिरपतं. हात तेलकट, नखांत माती. ‘पियानो, पियानो’, म्हणजे हळूहळू, एवढंच म्हणत होता. मावशींनी माझा घोटा धरून ठेवला होता आणि त्याला मराठीत सूचना देत होत्या. त्याही तो ऐकत होता.

पवित्र गुरुवारी आमच्याकडे फादर बारा जणांचे पाय धुतात. ते पाय घरून घासून आलेले असतात. माझा नव्हता, आणि मला लाज वाटत होती.

मावशींनी त्याला खुणेने विचारलं, चर्चला जाता ना? त्याने दोन्ही हात असे झटकले की भाषांतराची गरज पडली नाही. पैसे घेतले नाहीत. मावशींनी दिलेली जपमाळ घेतली, फवारणीच्या पंपाशेजारी खिळ्याला अडकवली आणि आमच्या ओंजळीत हेझलनट ओतले. चौथ्या शतकात सम्राट ज्युलियनने, ख्रिस्ती घरात वाढून जुन्या देवांकडे परतलेल्या माणसाने, कुरकूर केली होती की हे गालीली, म्हणजे ख्रिस्ती लोक, स्वतःच्या गरिबांना पोसतात ते पोसतात, वर आपल्याही गरिबांना पोसतात. आता पोसून घेणारे आम्ही होतो.

सुत्रीत रोमन रंगमंडल आहे, ज्वालामुखीच्या राखेच्या अखंड टफ खडकात कोरलेलं. मी लांबूनच बघितलं. जवळच खडकातच कोरलेलं मादोन्ना देल पार्तोचं चर्च, तिथे मात्र लंगडत गेले. बहुधा मुळात रोमनांच्या आधीच्या एत्रुस्कन लोकांचं थडगं, मग मिथ्र देवाचं मंदिर, मग चर्च. दोन्ही बाजूंना दगडी बाकं, मिथ्रभक्त त्यावर रेलून जेवत. दाराशी भिंतीवर काठ्या घेतलेले यात्रेकरू रंगवलेत. मी मावशींना सांगितलं, मिथ्र हा सैनिकांचा लाडका देव, बैल मारणारा, गावोगावी त्याची गुहा असायची.

‘मग गेला कुठे?’

‘त्यात बायकांना प्रवेश नव्हता.’

‘मग पोरांना शिकवणार कोण?’ म्हणाल्या, आणि गुडघे टेकले.

त्यानंतर कांपान्यानो, फोर्मेल्लो, ट्रकच्या कडेकडेने कासिया. ला स्तोर्ता, जिथे 1537 मध्ये येशूसंघाचा संस्थापक संत इग्नास याला दर्शन झालं. आम्हाला तिथे ऊन लागलं.

मॉन्ते मारियो डोंगरावरून संत पेत्राच्या चर्चचा घुमट दिसला तेव्हा सगळे रडले, मीही. डोंगराखाली टायबर नदी, पलीकडे मिल्व्हियन पूल. तिथे 28 ऑक्टोबर 312 रोजी सम्राट कॉन्स्टन्टाइनने प्रतिस्पर्धी मॅक्सेन्शियसला हरवलं आणि जय ख्रिस्ताने दिला म्हणून पुढच्या वर्षी ख्रिस्ती लोकांना मोकळीक मिळाली. मावशींचं मत पडलं की जिंकल्यावर देव कोणीही मानतो. तसं बघितलं तर 380 साली सम्राट थिओडोशियसने हाच राज्याचा धर्म करून टाकला, आणि पुढच्या काळात देवळं बंद करायची पाळी आमच्या लोकांची होती. हे मी मावशींना सांगितलं नाही. त्या रडत होत्या.

पेत्राच्या कबरीपाशी थांबू देत नाहीत, पुढे व्हा म्हणतात. प्रशस्तिपत्र मिळालं.

दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, आता पौलाच्या कबरीकडेही चालतच. मी दोरा अजून टाचेत असलेला पाय दाखवला आणि मेट्रोची तिकिटं काढली. दिवसभर बोलल्या नाहीत माझ्याशी.