दुपारी गप्प होणारं फझ पेडल: माझा अनुभव

फझ फेस हे गिटारचा आवाज गुरगुरता, खरखरीत करणारं पेडल. त्याच्या सर्किटमध्ये दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट (फिरवायचे कंट्रोल) असतात. एवढंच. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने ते एका गोल डब्यात घालून विकायला काढलं आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने त्याचा आवाज जगभर पोचवला. पार्ट इतके कमी, की घरी पेडल बनवायचं म्हटलं की बहुतेकांची सुरुवात यानेच होते. मला मात्र सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर नको होते. मूळ पेडलसारखा जर्मेनियमचाच आवाज हवा होता. म्हणून एसी१२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरची जोडी ऑनलाइन मागवली आणि वेरोबोर्डवर (भोकं आणि तांब्याच्या पट्ट्या असलेल्या बोर्डवर) सगळं जोडलं. हे ट्रान्झिस्टर पीएनपी, म्हणजे उलट्या ध्रुवतेचे असल्यामुळे बॅटरीचा प्लस ग्राउंडला जातो. त्यामुळे इतर पेडल ज्या अडॅप्टरवर चालतात त्याच अडॅप्टरवर हे लावायचं नाही, सरळ शॉर्ट होतं. याला स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी.

सकाळी पेडल वाजलं आणि छान वाजलं. पुण्यातला एप्रिल, दुपार चढली तसा आवाज फाटायला लागला. तार जोरात छेडली तर क्षणभर भर्र व्हायचं आणि लगेच तुटायचं. हळू छेडली तर काहीच नाही. रात्री हवा जरा गार झाली की पेडल पुन्हा ताळ्यावर.

ओळखीच्या सगळ्यांचं निदान एकच होतं, ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डरचा नीट न बसलेला जोड. मला ते पटत नव्हतं, कारण ड्राय सोल्डर घड्याळ बघून त्रास देत नाही. तरी पेन्सिलीच्या टोकाने एकेक जोड ठोकून पाहिला, जॅक आणि स्विचची कंटिन्युइटी तपासली. मग ऑडिओ प्रोब केला. जुन्या केबलच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा, दुसरं टोक अँपमध्ये, आणि गिटार वाजत असताना सर्किटच्या एकेका बिंदूला टेकवत जायचं. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसपर्यंत, म्हणजे सिग्नल आत जातो त्या पायापर्यंत, आवाज स्वच्छ होता. त्याच्याच कलेक्टरवर, म्हणजे सिग्नल बाहेर पडतो त्या पायावर, तो मोठा व्हायला हवा, तिथे तो किरकिरा आणि तुटका येत होता.

आता व्होल्टेज. फझ फेसमध्ये दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे उणे ४.५ च्या आसपास हवा. सकाळी मीटर उणे ६ दाखवत होता, दुपारी उणे ८.१. म्हणजे दुसरा ट्रान्झिस्टर जवळजवळ बंदच. पहिल्याच्या कलेक्टरवर उणे ०.६ च्या पुढेमागे काहीतरी हवं, तिथे जेमतेम ०.२. पहिला पूर्ण उघडा पडला होता आणि दुसऱ्याच्या बेसला काही मिळतच नव्हतं.

एका मित्राने दुसऱ्याच्या कलेक्टरवरच्या ८.२ किलोओहम रेझिस्टरच्या जागी प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) लावून बायस, म्हणजे हेच व्होल्टेज, जुळवायला सांगितलं. लावला. संध्याकाळी ४.५ जुळलं, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. दुखणं पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये असताना दुसऱ्याचा कलेक्टर फिरवून किती काळ निभावणार?

जर्मेनियममध्ये बेस मोकळा ठेवला तरी थोडा करंट वाहत राहतो. तेच लीकेज, आणि तापमानाच्या दर १० अंशांना ते साधारण दुप्पट होतं. मल्टिमीटरचं एचएफई, म्हणजे गेन (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो) मोजायचं सेटिंग, हे लीकेजसुद्धा गेनमध्येच धरतं, म्हणून त्याच्या आकड्यावर जाऊन उपयोग नाही. त्यापेक्षा एमिटर (तिसरा पाय) प्लसला आणि कलेक्टर २.४७ किलोओहममधून मायनसला जोडायचा (मी २.४ के आणि ६८ ओहम सिरीजमध्ये लावले), आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज बघायचं. बेस मोकळा असताना जे येईल ते लीकेज. मग बेसला मायनसवरून २.२ मेगओहम लावायचा, म्हणजे बेसमध्ये ४ मायक्रोअँपिअर जातात. व्होल्टेज जितकं वाढेल त्याच्या शंभरपट खरा गेन.

सकाळच्या गारव्यात माझ्या पहिल्या ट्रान्झिस्टरवर बेस मोकळा असताना ०.६२ व्होल्ट आले, म्हणजे पाव मिलिअँपिअर लीकेज. बेस जोडल्यावर १.३२, म्हणजे गेन ७०. गेन उत्तम. मग त्याचा पत्र्याचा डबा नुसता चिमटीत धरला. मीटरवरचा आकडा चढायला लागला, ०.७०, ०.७८, ०.८५, आणि बोटं काढल्यावर सावकाश उतरला. सगळा उलगडा तिथे झाला. सर्किटमध्ये याच्या कलेक्टरला ३३ किलोओहम आहे. ९ व्होल्टवर त्यातून फार तर ०.२७ मिलिअँपिअर जाऊ शकतात. गरम झाल्यावर लीकेजच त्याच्या वर गेलं, तर सिग्नलला जागा कुठून राहणार? दुसरा ट्रान्झिस्टर मात्र ठणठणीत निघाला, लीकेज कमी आणि गेन ११५.

पुन्हा ऑनलाइन मागवण्यापेक्षा मी रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या आउटपुट स्टेजला एसी१२८ ची जोडी बऱ्याचदा सापडते. आपल्याकडे बीईएलने (भारत इलेक्ट्रॉनिक्स) बेंगळुरूला १९६० च्या दशकातच जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली होती, त्यामुळे असा माल अजून मिळतो. मीटर आणि रेझिस्टर बरोबर नेलेच होते. भंगार रेडिओंच्या ढिगामागे बसलेले काका म्हणाले, "बोर्ड इथेच उघडून बघ, पसंत पडला तर ने." इतका मोठेपणा कुठलं संकेतस्थळ दाखवणार! एका बोर्डवर ०.२२ व्होल्ट लीकेज आणि ७८ गेनचा मिळाला.

तो बसवला, प्रीसेटने सकाळी उणे ४.६ जुळवलं. भर दुपारी मोजलं तर ५.३, आणि पेडल वाजतंय. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की फझ विरघळून स्वच्छ, काचेसारखा आवाज येतो, पुन्हा वाढवला की गुरगुर परत. यासाठीच तर जर्मेनियमचा हट्ट होता. मे महिन्यात उघड्यावर वाजवायचं असेल तर मात्र यावर भिस्त ठेवणार नाही. त्यासाठी बीसी१०८ या सिलिकॉन ट्रान्झिस्टरवर दुसरं पेडल जोडायला घेतलंय. त्याचा आवाज जास्त धारदार असतो, पण उन्हात डगमगत नाही.