श्वासपटल गुदमरतंय की औषध काम करतंय?

उंदराचं (रॅटचं) श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा स्नायू (डायफ्रॅम), त्याला हलवणाऱ्या फ्रेनिक नर्व्हसकट शरीराबाहेर जिवंत ठेवायची पद्धत औषधशास्त्रज्ञ एडिथ ब्युलब्रिंग यांनी १९४६ साली प्रसिद्ध केली. औषध नर्व्हवर काम करतंय, नर्व्ह-स्नायूच्या सांध्यावर की थेट स्नायूवर, हे एकाच तुकड्यावर पाहता येतं. पण आकुंचन कमी झालं की लगेच औषधाच्या नावावर टाकू नका. बऱ्याचदा टिश्यूला ऑक्सिजन कमी पडलेला असतो.

रक्तपुरवठा तुटल्यावर आतल्या तंतूंना ऑक्सिजन फक्त द्रावणातून झिरपून मिळतो. म्हणून २००–२५० ग्रॅमचाच उंदीर घ्या. मोठ्याचं पटल जाड असतं, मधले तंतू उपाशी राहतात.

क्रेब्स-हेन्सेलाइट द्रावण, एका लिटरला: सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं) ०.२९, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, सोडियम बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २. यात कार्बोजेन (९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड) सोडून पीएच ७.४ च्या आसपास आला की मगच कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्याचं) ०.३७ ग्रॅम विरघळवून हळूहळू घाला. आधी घातलं तर पीएच चढलेला असतो, कॅल्शियमचा साका बसतो आणि द्रावण दुधाळ दिसतं. असं द्रावण सरळ ओतून द्या. कॅल्शियम कमी पडलं तर नर्व्हच्या टोकातून ॲसिटिलकोलीन (नर्व्हचा निरोप स्नायूला देणारं रसायन) सुटणंच मंदावतं, आणि मग औषध न घालताच 'ब्लॉक', म्हणजे निरोप अडल्यासारखा, दिसू लागतो.

डावी बाजू घ्या, उजवीकडे महाशीर आड येते. बरगडीचा काठ पायाला आणि मधला कंडरा टोकाला, असा पंख्यासारखा तुकडा कापा. नर्व्ह चिमट्यात कधीच धरू नका. तिच्या टोकाला दोरा बांधून दोऱ्यानेच हलवा. चिमट्याने एकदा दाबलेली नर्व्ह पांढरी, चकचकीतच दिसते, पण त्या जागेपुढे आवेग जात नाही. एका जनावराचा जीव गेलेला असतो, ही घाई परवडत नाही.

बरगड्या खाली पक्क्या करा, कंडऱ्याचा दोरा फोर्स ट्रान्सड्यूसरला (ओढ मोजणाऱ्या यंत्राला) लावा, ताण साधारण १ ग्रॅम ठेवा. नर्व्ह इलेक्ट्रोडमधून ओवा. स्पंद ०.२ मिलिसेकंदाचे, दर ५ ते १० सेकंदांनी एक. व्होल्टेज वाढवत जा. आकुंचन वाढायचं थांबलं की त्याच्या दीडपट ठेवा. फार जास्त दिलं तर प्रवाह स्नायूपर्यंत सांडतो. हे ओळखायला ट्यूबोक्युरारिन (नर्व्ह-स्नायूच्या सांध्यावर निरोप अडवणारं औषध) वापरा: पूर्ण मात्रेतही थोडं आकुंचन शिल्लक राहत असेल तर तुम्ही नर्व्हबरोबर स्नायूही उत्तेजित करताय.

अर्धा तास स्थिरावू द्या. आकुंचन तरीही घसरत असेल तर औषध घालू नका. आधी बुडबुडे आणि तापमान पाहा. ३७ अंशांना ऑक्सिजनची मागणी जास्त असते. ३२ वर ठेवलं तर तुकडा जास्त वेळ टिकतो. पण नियंत्रण (औषधाशिवायची नोंद) आणि औषध, दोन्ही एकाच तापमानाला हवेत. औषध ज्यात विरघळवलं ते द्रावकही तेवढंच एकटं घालून पाहावं लागतं. ५० मिलिलिटरच्या बाथमध्ये (तुकडा ज्या द्रावणाच्या भांड्यात टांगलाय त्यात) ३ मायक्रोमोलर हवं असेल तर ३०० मायक्रोमोलरचं ०.५ मिलिलिटर पुरतं.

मग खरा निवाडा. नर्व्हमार्गे एक उत्तेजन, थोड्या वेळाने स्नायूवर थेट एक, २ मिलिसेकंदाचं आणि जास्त व्होल्टेजचं. नर्व्हमार्गाचं आकुंचन गेलं आणि थेट दिलेलं टिकलं, तर अडथळा स्नायूच्या अलीकडे. डँट्रोलीनसारखं औषध दोन्ही खाली आणतं, कारण ते पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटू देत नाही. गुदमरलेला तुकडाही दोन्ही खाली आणतो, पण धुतल्यावर सावरत नाही. ट्यूबोक्युरारिनचा ब्लॉक निओस्टिग्मिनने (ॲसिटिलकोलीनचं विघटन थांबवणारं औषध) उतरतो. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाचा मुख्यतः नर्व्हच्या टोकावरचा असतो, म्हणून तिथे बाथमधलं कॅल्शियम वाढवून पाहा.