मुक्तमधून केलं तर चालतं का?

कोपरखैरण्यात कुणाच्या मुलीचं, सुनेचं शिक्षण अडलं की माझा फोन वाजतो. "ताई, तुम्ही मुक्तमधून बीए केलंत ना? चालतं का ते?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगते.

चालतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली विधिमंडळाने कायदा करून काढलंय, कुणाचा क्लास नव्हे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणातली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२२ मध्येही पुन्हा स्पष्ट केलं. बीए-बीकॉम आहेच, शिवाय ग्रंथालयशास्त्र, नोकरीतल्या शिक्षकांसाठी बीएड, शेतीच्या पदविका. माळीकामाचाही अभ्यासक्रम आहे. त्यावर हसणारे बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी माळीच शोधत असतात, ते असो.

माझी गोष्ट जरा वेगळी. दहावीनंतर लग्न झालं. वाशी मार्केटच्या गाळ्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब, लिहायचे आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचे. बारावी नसलेल्यांसाठी तेव्हा पूर्वतयारी अभ्यासक्रम होता. तो केला, मग बीए.

पुढे महापेच्या एका कंपनीत मुलाखतीला गेले. टायपिंग झालं, हिशेबाचे प्रश्न झाले, पगाराचंही बोलणं झालं. मग साहेबांनी फाइल चाळली. दहावी, आणि त्यामागे थेट बीए. "बारावी कुठंय?" मी पूर्वतयारीचा कागद पुढे केला. त्यांनी वाचला, शेजारच्या बाईंना दाखवला. "मॅडम, ही बारावी नाही ना." जाहिरातीत पदवीधर मागितलाय आणि मी पदवीधर आहे, असं म्हटलं. "हो, पण आम्हाला दहावी, बारावी, मग पदवी असं लागतं." बाईंनी माझे कागद क्रमाने लावून पिशवीत घालून दिले, पाणी विचारलं. उद्धटपणे बोलले असते तर भांडले तरी असते.

पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे, ते फक्त त्या विद्यापीठाच्या पदवीचं दार, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून परीक्षा देऊन बारावी का नाही केलीस, असं मीच मला विचारते. तेव्हाची मी उत्तर देते, बारावीच्या इंग्रजीत अडकले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. मग मी म्हणते, अडकलीच असतीस कशावरून? तिच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

तेव्हा मुलीची बारावी झाली असेल तर बिनधास्त नाव घाला. नसेल तर आधी बारावीचं बघा.

माझी मुलगी मात्र रोज कॉलेजला जाते, फी मी भरते. कट्टा, गॅदरिंग, लेक्चर बुडवणं, यातलं काही अभ्यासकेंद्रावर मिळत नाही. परवा एकजण म्हणाल्या, "म्हणजे तुमचाच विश्वास नाही." विश्वास नसता तर एमएलाही मी तिथेच नाव घातलं असतं का? पण तिचं घालणार नाही. आता विचारा काय विचारायचं ते.