होडीच्या बुडाखाली
आजचा रविवार जुन्या होडीच्या बुडाखाली उताणं पडून गेला. रंग खरवडताना हिरव्याखाली निळा, निळ्याखाली लाल. किती मालक झाले कुणास ठाऊक! सांध्यांतला कुजका कापूस उपसून नवा ठासला. सुतारकाका म्हणाले, "वरून फायबर मार, सुटशील." छे, उंडेलच लावणार, उंडीच्या बियांचं तेल. वास घरभर फिरतो, बायको वैतागते, फिरू दे.

मित्र विचारतो, थंडीत खाडीत बदकं मारायला जायचं का? अरे बाबा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. चक्रवाक आले तर दुर्बिणीतून बघ. आपण गळ टाकू, तांबोशी लागली तर घरी कालवण.

तळाची एक फळी मात्र गेलीय. कुणाकडे जुना साग पडून असेल तर इनबॉक्स करा.