पुण्याच्या चित्रपटगृहांची नोंदवही : नावांकडून जागांकडे

पुण्यातील एकपडदा चित्रपटगृहांची जी नोंदवही मी काही वर्षांपासून ठेवत आलो आहे, तिची मांडणी या पावसाळ्यात मुळापासून बदलली. पूर्वी त्या वहीत प्रत्येक नावाला एक पान होते. आता प्रत्येक जागेला एक पान आहे आणि त्या जागेवर जी जी नावे येऊन गेली ती सर्व त्याच पानावर कालक्रमाने लिहिलेली आहेत. ज्यांच्या संग्रहात जुनी तिकिटे, हँडबिले किंवा जाहिरातींची कात्रणे आहेत अशा मित्रांना या बदलाचे कारण लगेच उमगेल. ग्लोबचे पुढे श्रीनाथ झाले, लिमये नाट्यचित्रमंदिराचे विजय झाले, डेक्कन जिमखान्यावरील हिंदविजयचे नटराज झाले आणि लष्कर भागातील कॅपिटॉलचे व्हिक्टरी झाले. नावांप्रमाणे लावलेल्या वहीत हे सारे मृत्यू आणि जन्म दिसतात. प्रत्यक्षात जागा तीच राहिली होती.

नव्या पानावर तीन रकाने मी मुद्दाम वेगळे ठेवले आहेत : जमीन कोणाची, इमारत कोणाची आणि खेळ चालवणारा कोण. सिटी सर्व्हे क्रमांक हाती असला की मिळकत पत्रिकेवरून पहिल्या दोन रकान्यांचा माग बऱ्यापैकी लागतो. तिसऱ्यासाठी वर्तमानपत्रांतील जाहिराती आणि तिकिटांवरील बारीक छपाई कामी येते. हे रकाने भरत गेल्यावर माझे जे मत बनले, ते आपल्या मंडळींतील प्रचलित मताशी जुळत नाही. दूरचित्रवाणी आली, मग व्हिडिओ आला, मग केबल आली आणि चित्रपटगृहे संपली, असा क्रम आपण नेहमी सांगतो. त्यात तथ्य नाही असे नाही, परंतु एकाच पेठेतील एक चित्रपटगृह बंद पडते आणि त्याच काळात, त्याच प्रेक्षकांवर, चार गल्ल्यांपलीकडचे दुसरे चालू राहते, याचा उलगडा त्या क्रमातून होत नाही. तो या तीन रकान्यांतून पुष्कळदा होतो.

सर्वांत भरलेले पान अप्पा बळवंत चौकातील प्रभातचे आहे. इंदूरच्या सरदार किबे यांनी १९३४ मध्ये हे चित्रपटगृह बांधले आणि त्याचे मूळ नाव किबे लक्ष्मी थिएटर असे होते. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यास येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. कंपनीने ते चालवावयास घेतले आणि पुणेकरांच्या तोंडी प्रभात हेच नाव बसले. पुढे पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी कंपनीच बंद झाली आणि १९६० मध्ये तिच्या स्टुडिओच्या जागेवर आजची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. परंतु कंपनीचे एक भागीदार विष्णुपंत दामले यांच्या कुटुंबाने चित्रपटगृह चालू ठेवल्यामुळे प्रभातची पाटी आणखी सुमारे सहा दशके झळकत राहिली. निर्मिती करणारी संस्था संपल्यावर तिच्या नावाचे चित्रपटगृह इतका काळ टिकावे, याला दुसरे उदाहरण माझ्या वहीत तरी नाही. शेवटी भाडेकराराची मुदत संपली आणि डिसेंबर २०१४ मध्ये वास्तू किबे कुटुंबाकडे परत गेली. त्या वेळी अनेकांनी प्रभात बंद पडल्याची हळहळ व्यक्त केली होती, पण पुढील वर्षी तेच चित्रपटगृह मूळ नावाने पुन्हा सुरू झाले. मराठी चित्रपटांचे हक्काचे ठिकाण म्हणून त्याची जी ओळख होती, तिचा आणि या घडामोडीचा फारसा संबंध नव्हता. मुदत संपली म्हणून चालक बदलला, एवढेच. पत्ता सांगताना लोक अजूनही प्रभातच म्हणतात, ही गोष्ट वेगळी.

आर्यनचे पान याच्या अगदी उलट आहे. गंगाधरपंत पाठक यांनी ७ फेब्रुवारी १९१५ रोजी मंडईजवळ सुरू केलेले आर्यन हे पुण्यातील पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह होय. त्याआधी चलचित्रांचे खेळ तंबूत किंवा नाटकासाठी बांधलेल्या गृहांत होत असत. मूकपटांचा संपूर्ण काळ, बोलपटांचे आगमन आणि रंगीत चित्रपटांची भरभराट या चित्रपटगृहाने पाहिली आणि १९८३ मध्ये ते बंद झाले. त्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी नुकतीच आली होती आणि व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळू लागल्या होत्या, त्यामुळे त्यांनाच दोष देण्याचा मोह होतो. परंतु पेठांतील विजय, प्रभात, श्रीनाथ ही चित्रपटगृहे त्यानंतरही कित्येक वर्षे चालली. आर्यनच्या जागी आज वाहनतळ आहे. मंडईसारख्या ठिकाणी मोकळ्या जागेची निकड कोणत्या थराला गेली असेल, हे तिथे गाडी लावण्यासाठी ताटकळलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. त्या वाहनतळालाही लोक आर्यनच म्हणतात, त्यामुळे या पानावर नावांची साखळी अखंड राहिली आणि चित्रपटगृहाची मात्र तुटली.

नटराजच्या जागेवर आज मॉल उभा आहे आणि त्याच्या पोटात छोटे पडदे आहेत. मंगलाचेही मल्टिप्लेक्स झाले. ही रूपांतरे निव्वळ हौसेतून झालेली नाहीत. जुन्या चित्रपटगृहाच्या भूखंडावर नवे बांधकाम करायचे असल्यास काही आसनांचे चित्रपटगृह कायम ठेवण्याची अट विकास नियमांत असते. ज्या मालकाला जमिनीचा पूर्ण वापर करायचा आहे, त्याला मोठा पडदा पाडून दोन-तीन लहान पडदे वरच्या मजल्यावर नेणे आणि खालचे मजले दुकानांना देणे परवडते. अट पाळली जाते, नोंदवहीत जागा चालू दिसते, पण हजार माणसे एकाच वेळी शिट्टी वाजवतील असे सभागृह राहत नाही. अशा जागांसाठी ‘चालू’ आणि ‘बंद’ यांच्या मध्ये मला एक तिसरी खूण करावी लागली आहे.

जमिनीबरोबरच आणखी एक कारण मला निर्णायक वाटते, ते म्हणजे चित्रपट किती आठवडे चालतो हे. सत्तरच्या दशकात एखादा चित्रपट शहरात एका किंवा दोन चित्रपटगृहांत लागत असे. प्रिंट महाग, म्हणून मोजक्याच निघत; पुण्यातील खेळ संपले की तीच प्रिंट पुढे लहान गावांकडे जाई आणि तिथल्या प्रेक्षकाला ओरखड्यांसह पाहावी लागे. या व्यवस्थेत मोठ्या सभागृहाला वेळ मिळत असे. पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव आणि पन्नास आठवड्यांचा सुवर्णमहोत्सव हे जाहिरातीतील शब्द होते तसेच ते धंद्याचे गणितही होते : आज न आलेला प्रेक्षक पुढच्या महिन्यात येणार होता. राहुलसारखे सत्तर मिलिमीटरच्या पडद्याचे चित्रपटगृह याच भरवशावर उभे राहिले. व्हिडिओच्या चोरट्या कॅसेटनी हा भरवसा पहिल्यांदा हलवला, कारण चित्रपट घरी पोहोचण्याआधी तो सगळीकडे लावणे निर्मात्याला भाग पडू लागले. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर प्रिंटचा खर्चच उरला नाही आणि एकाच शुक्रवारी गावोगाव तोच चित्रपट लागू लागला. प्रेक्षक तीन दिवसांत आटोपतो. मल्टिप्लेक्सवाला सोमवारी तोच चित्रपट लहान पडद्यावर हलवतो आणि मोठा पडदा दुसऱ्याला देतो. एकपडदा चित्रपटगृहाला आपल्या भिंती आत सरकवता येत नाहीत. मंगळवारच्या दुपारच्या खेळाला बाल्कनी बंद ठेवून फक्त खालचा मजला चालवायचा, हा उपाय अनेक ठिकाणी झाला, परंतु वीज, पंखे आणि डोअरकीपर यांचा खर्च त्यामुळे थोडाच कमी होतो.

याच संदर्भात तिकिटांविषयी थोडे लिहितो, कारण या हंगामात संग्रहातील बरीच तिकिटे मी कालानुक्रमे लावून घेतली. तारखेचा शिक्का पुसट झालेले तिकीट पाहताना प्रथम दर पाहावा. दर आण्यांत असेल तर ते सर्वसाधारणपणे १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ या काळातील, आणि नुसते ‘पैसे’ असतील तर त्यानंतरचे समजावे. छापून ठेवलेली पुस्तके संपेपर्यंत वापरली जात, एवढी सवलत मात्र द्यावी लागते. त्यानंतर कराचा रकाना पाहावा. मुंबई करमणूक शुल्क कायदा १९२३ चा असून तिकिटाचा मूळ दर आणि करमणूक कर वेगवेगळे छापण्याची पद्धत आपल्या फार उपयोगाची आहे, कारण या दोन आकड्यांचे प्रमाण काढले की मालकाच्या हाती प्रत्यक्षात किती पडत होते ते कळते. शहरांमध्ये हा कर ४५ टक्क्यांपर्यंत होता. १ जुलै २०१७ पासून त्याची जागा वस्तू व सेवा कराने घेतली आणि जुना रकाना तिकिटावरून नाहीसा झाला.

कराचा हा इतिहास केवळ तारखा लावण्यापुरता नाही. २००१ मध्ये राज्य शासनाने नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे करमणूक करातून पूर्ण सूट आणि पुढील दोन वर्षे मोठी सवलत दिली. नवी गुंतवणूक यावी हा हेतू समजण्यासारखा होता, परंतु त्याच रस्त्यावरील जुन्या चित्रपटगृहाला पूर्ण कर भरून त्याच चित्रपटासाठी स्पर्धा करावी लागली. खुर्च्या बदलणे, वातानुकूलन बसवणे, ध्वनियंत्रणा सुधारणे ही कामे ज्या वर्षांत करायला हवी होती, नेमक्या त्याच वर्षांत जुन्या मालकाच्या हाती पैसा कमी राहिला. गळके छत आणि फाटकी गादी पाहून आपण जेव्हा मालकाच्या अनास्थेवर बोट ठेवतो, तेव्हा तिकिटावरचा तो रकानाही वाचावा असे मला वाटते.

करोनाकाळाची नोंद मी प्रत्येक पानावर एका ओळीत उरकली आहे. मार्च २०२० मध्ये राज्यातील सर्व पडदे बंद झाले, नोव्हेंबरात निम्म्या आसनांवर उघडले, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाले आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाले. ज्या जागांचे तीन रकाने आधीच डळमळीत होते, तिथे या खंडानंतर कुलूप निघाले नाही.

आता लष्कर भागाची पाने हाती घेतली आहेत. तिथला प्रेक्षक वेगळा, इंग्रजी चित्रपटांचा. जागांचे नियमही छावणीचे, म्हणून मिळकत पत्रिकेची पद्धत तिथे जशीच्या तशी चालत नाही. कॅपिटॉलचे पान २४ जानेवारी १९४३ च्या बॉम्बस्फोटामुळे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात सतत उल्लेखले जाते, परंतु मला तिथे हवी आहेत ती साध्या शनिवारच्या खेळांची तिकिटे. कोणाकडे कॅपिटॉल किंवा व्हिक्टरी या नावाची, दर आणि कर स्पष्ट वाचता येणारी तिकिटे दुहेरी असतील तर माझ्याकडील विजय आणि अलकाच्या नये पैशांतील तिकिटांशी अदलाबदल करण्याची माझी तयारी आहे. मूळ तिकीट द्यायचे नसल्यास दोन्ही बाजूंचे छायाचित्र पुरेल. मागच्या बाजूचे विसरू नये, कारण खेळाची वेळ आणि तारीख पुष्कळदा तिथेच शिक्क्याने उमटवलेली असते.