एका वस्तीचे दृश्यस्वरूप नोंदवताना

जुन्या शहरी वस्तीतील एका रस्त्याचे दृश्यस्वरूप नोंदवून त्याचे मूल्यमापन करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा छायाचित्रे काढली की नोंदणी संपते, असा माझा समज होता. पहिल्या फेरीतली बहुतेक छायाचित्रे मला बाद करावी लागली. पूर्ण इमारत चौकटीत मावावी म्हणून मी रुंद कोनाचे भिंग वापरले होते, आणि त्यामुळे 7 मीटरचा रस्ता ऐसपैस दिसत होता. ज्या दाटीने त्या रस्त्याला ओळख दिली होती, तीच छायाचित्रांतून नाहीशी झाली होती. पुढच्या फेरीत मी पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्याला डोळ्यांना दिसते साधारण तसेच दाखवणारे 50 मिलिमीटरचे भिंग लावले, तो जमिनीपासून 1.6 मीटरवर धरला आणि प्रत्येक जागा क्रमांक व दिशेच्या बाणासह नकाशावर नोंदवली.

त्यानंतर केलेल्या साध्या हिशेबाने माझी पाहण्याची रीतच बदलली. इमारत उंचीच्या दुप्पट अंतरावरून पाहिली, तर ती साधारण 27 अंशांच्या कोनात, म्हणजे मान वर न करता दिसते. येथे इमारती सुमारे 10.5 मीटर उंच होत्या, म्हणजे रस्त्याची रुंदी उंचीच्या दोन-तृतीयांशच होती. चालणाऱ्याला समोरची इमारत अशी सबंध कधी दिसतच नव्हती. त्याला दिसत होते ते ओटे, दारे आणि सज्जांचे तळ. मी मात्र छपरांच्या रेषेवर दोन पाने लिहून बसलो होतो!

रस्त्यालगतच्या इमारतींच्या दर्शनी बाजूंचे सलग रेखाचित्र काढायला सर्वांत जास्त वेळ लागला, पण छायाचित्रांत न सापडलेली गोष्ट त्यातच सापडली: जवळपास 5 मीटर रुंदीच्या भूखंडांची लय. दोन भूखंड जोडून बांधलेली एक नवी इमारत रंगाने आणि उंचीने शेजाऱ्यांशी जुळत असूनही तेथे ही लय तुटत होती. लोंबत्या तारा आणि फलक मी वेगळ्या रकान्यात टाकले, कारण ते उद्या काढता येतात. भूखंडांची रुंदी तशी बदलत नाही.

गुण देताना माझे आणि सहकारी बाईंचे याच इमारतीवरून बिनसले. मूल्यमापनाच्या पत्रकातील ‘सुसंगत’ या शब्दाचा अर्थ त्यांनी रंग व उंची असा घेतला होता, मी रुंदी असा. आम्ही तो शब्द काढून तीन वेगळे प्रश्न घातले आणि सगळ्या इमारतींची पत्रके पुन्हा भरली. तरीही त्या एका इमारतीवर एकमत झाले नाही, म्हणून अहवालात दोघांचेही गुण कारणांसह नोंदवले आहेत.