संघर्षाचे नाव सर्वांत शेवटी

शिक्षकांच्या प्रशिक्षणात, पालकसभेत, क्वचित एखाद्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. कथेत पात्रे असतात, प्रसंग असतात, त्यामुळे कोण कोणाशी झगडते आहे हे मुलांना दाखवता येते; पण कवितेत यांपैकी काहीच नसताना तिच्यातला संघर्ष आणि त्याचा प्रकार मुलांना ओळखायला कसा शिकवता? तुम्ही विचारलंत म्हणून थोडे सविस्तर लिहिते, कारण या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर चुकीचे होते आणि त्या चुकीची किंमत काही वर्षे माझ्या वर्गांनी मोजली आहे.

नोकरीच्या सुरुवातीला मी फळ्यावर चार रकाने आखत असे: माणूस आणि निसर्ग, माणूस आणि समाज, माणूस आणि माणूस, माणूस आणि त्याचे स्वतःचे मन. मुले रकाने पाठ करत आणि कवितेत एखादा ओळखीचा शब्द दिसला की तिला त्या रकान्यात टाकून मोकळी होत. एका वर्षी कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेचे रसग्रहण लिहायला दिले होते. पुरात संसार वाहून गेलेला एक जण आपल्या सरांना भेटायला येतो, अशी ती कविता. सबंध वर्गाने, अगदी हुशार मुलांनीही, ‘माणूस आणि निसर्ग’ असे लिहिले, कारण कवितेत पूर आहे. वह्यांचा तो गठ्ठा तपासताना माझ्या लक्षात आले की मी मुलांना कविता वाचायला शिकवलेच नव्हते. मी त्यांना कविता न वाचता उत्तर लिहायला शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तीच कविता पुन्हा उघडली आणि या वेळी फक्त क्रियापदे पाहिली. पुराबद्दलची जवळजवळ सगळी क्रियापदे भूतकाळातली आहेत. पाणी आले, घरभर नाचले, होते नव्हते ते घेऊन गेले. शिवाय सांगणारा त्या नदीला शत्रू म्हणत नाही, घरी आलेली पाहुणी म्हणतो. वर्तमानकाळ येतो तो ‘लढतो आहे’ या शब्दांपाशी, आणि तिथे समोर नदी नाही. पडकी भिंत आहे, चिखल आहे, बरोबर बायको आहे. मग कवितेतला ताण नेमका कुठे आहे, असे विचारल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मागच्या बाकावरून उत्तर आले, “सरांचा हात खिशाकडे जातो तिथे.” माझ्या मते ते उत्तर अचूक होते. मदत मागायला आलेला समजून सर पैसे काढायला जातात आणि त्याच क्षणी तो उठतो. एका बाजूला त्याचे एकटेपण आहे, दुसऱ्या बाजूला त्याचा स्वाभिमान आहे, आणि त्याला हवे आहे ते पाठीवरच्या हातात आहे. पूर हे त्या झगड्याचे कारण आहे; झगडा मात्र माणसाच्या आतला आहे.

तेव्हापासून मी प्रकाराचे नाव सर्वांत शेवटी विचारते. आधी मुलांना कवितेतला सांधा शोधायला लावते, म्हणजे ‘पण’, ‘तरी’, ‘परी’ असा एखादा शब्द, काळ बदलण्याची जागा, किंवा बोलणारा अचानक कोणाला तरी उद्देशून बोलू लागतो ती ओळ. चोखोबांचा अभंग यासाठी फार उपयोगी पडतो. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा’ यात (डोंगा म्हणजे वाकडा) ‘परी’ समोरच उभा आहे. पुढे कमान आणि तीर येतात, नदी आणि जळ येते, आणि मग चोखा स्वतःच येतो. मुले आधी म्हणतात की हा उपदेश आहे, वरच्या रूपावर जाऊ नये एवढेच यात सांगितले आहे. मग मी विचारते की ‘भुललासी’ हे कोणाला म्हटले आहे. या प्रश्नाचे उत्तर केवळ शब्दांत सापडत नाही. चौदाव्या शतकातल्या या महार संताला ज्या विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता, त्याच देवळाच्या महाद्वारासमोर आज त्याची समाधी आहे, हे सांगितल्यावरच वर्गाला कळते की ऊस, कमान आणि नदी ही नुसती उदाहरणे नाहीत, तो दारात थांबवलेल्या माणसाने मांडलेला युक्तिवाद आहे. समाजाशी असलेला संघर्ष पुष्कळदा असा सौम्य आवाजात येतो. केशवसुतांच्या ‘तुतारी’त तो उघड आहे, त्यामुळे तिथे मला फारसे शिकवावे लागत नाही.

मनाशी असलेला झगडा मात्र सर्वांत कठीण, आणि त्यासाठी मी बहिणाबाईंकडे जाते. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर.’ इथे मी तीन प्रश्न विचारते: ढोर कोण, पीक कोणाचे, आणि हाकतो कोण? ढोर म्हणजे मन, हे सगळे सांगतात. पीकही आपलेच आणि हाकणाराही आपणच, हे लक्षात यायला वेळ लागतो, आणि ज्या क्षणी ते लक्षात येते त्या क्षणी ‘आंतरिक संघर्ष’ हा पाठ्यपुस्तकी शब्द मुलांच्या हाताला लागतो. एकदा शेतकऱ्याच्या घरातला एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, ओढाळ ढोराच्या गळ्यात लोढणं बांधतात. इथं का नाही बांधलं?” त्याने लोढण्याचे चित्रही फळ्यावर काढून दाखवले: गळ्याला दोरी, दोरीला ओंडका, आणि ढोर पळू लागले की तो ओंडका पुढच्या पायांवर आपटतो. उरलेला सगळा तास आम्ही त्या प्रश्नावर घालवला. मनाच्या गळ्यात बांधायला काहीच नाही, म्हणून तर ‘किती हाकला हाकला’ असे दोनदा म्हणावे लागते, असे शेवटी त्यानेच सांगितले.

एवढे झाल्यावर मी तुकोबांची ओळ फळ्यावर लिहिते: ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन.’ माझे सगळे रकाने या ओळीत आहेत आणि त्यांच्यामध्ये रेघा नाहीत. जग बाहेरून येते, मन आतून, आणि दोन्हींशी एकाच वेळी लढावे लागते. म्हणून एका कवितेला दोन प्रकार लिहिणाऱ्या मुलाचे गुण मी कापत नाही, फक्त दोन्हींसाठी ओळ दाखवायला सांगते.

प्रत्येक कवितेत संघर्ष असतोच का, हेही मला विचारले जाते. नसतो, आणि तो नाही असे लिहिण्याची मुलांना मुभा हवी. मी उदाहरण म्हणून बालकवींची ‘औदुंबर’ देत असे. आठ ओळींचे शांत चित्र, कोणी कोणाला अडवत नाही, असे मी अनेक वर्षे सांगितले. मग एका मुलीने सवयीप्रमाणे क्रियापदांखाली रेघा ओढल्या आणि वही माझ्यासमोर ठेवली. झरा वाहतो, पायवाट काळ्या डोहाकडे चालली आहे, आणि औदुंबर मात्र पाण्यात पाय टाकून बसला आहे. “सगळं चाललंय आणि हा एकटाच बसलाय,” ती म्हणाली, “मग इथं संघर्ष आहे की नाही?” मी तिला होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. त्या दिवशी फळ्यावर ‘औदुंबर’पुढची जागा आम्ही कोरी ठेवली, आणि ही कविता शिकवताना ती मी अजूनही कोरीच ठेवते.